तात्यांची खुर्ची

माणसाच्या अंगाला सोसतील अशी कामाची साधनं कशी घडवावीत, यावर मी नुकतीच पीएचडी सुरू केली होती. पहिलं काम घेतलं ते बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या वॉचमनच्या खुर्चीचं. सगळे त्यांना तात्या म्हणत.

पण तात्या बसतच नसत. काठीवर हनुवटी टेकून, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला लावून दिवसभर उभे. सुट्टी झाली की कामगारांच्या मोटारसायकली गेटातून बाहेर पडत आणि तात्या जीभ टाळ्याला लावून टक्‌टक् करत, मागं कुणी राहिलं नाही ना ते बघत.

मी नवी खुर्ची करून आणली. त्यांनी तिच्यावर जेवणाचा डबा ठेवला.

"तात्या, बसून तरी बघा."

"बसलं की मेंढरं पांगत्यात, ताई."

त्यांची मेंढरं तिकडं गावी, डाळजला, भावाकडं होती.

महिन्याभरानं गेले, तर तात्या खुर्चीत. काठी कुठं दिसेना.

"बरी वाटते का?"

"ब्येस हाय. भावानं मेंढरं इकली. आता हुबं ऱ्हाऊन काय करायचं?"

पाठ, कोपरं, पावलं, सगळं जागच्या जागी टेकलं होतं. माझं एकही माप चुकलं नव्हतं. मला तिथं उभं राहवेना.