खोकल्याची चौकशी

फुमिओने ओकुनुकीबाईंना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या त्याच्या वारलेल्या वडिलांची जुनी पत्रं टेबलावर ओळीने मांडत होत्या. वादातला मजकूर कुणाचा, हे भाषेच्या सवयींवरून जपानमधल्या मोरिओका शहराच्या न्यायालयाला सांगणं हे त्यांचं काम. फुमिओशी नातं तोडणारं, वडिलांच्या नावाने टाइप केलेलं शेवटचं पत्र धाकट्या भावाने रचलं, असा फुमिओचा दावा होता.

महिन्याभराने बाई म्हणाल्या, "पत्र वडिलांचंच वाटतं."

"बाई, तुम्हाला मी माझ्या बाजूने आणलं होतं."

"मी पत्राच्या बाजूने बसते. आधी थंडी, मग सफरचंदाची झाडं, मग तुमचा खोकला. वडिलांच्या तीस जुन्या पत्रांपैकी सत्तावीस पत्रांत हाच क्रम आहे, आणि या शेवटच्या पत्रातही."

"एवढ्या रागातही खोकल्याचं विचारलं?"

"विचारलंय. भावाच्या पत्रांत तो कुठेच नाही."

फुमिओने पत्राची प्रत जपून खिशात ठेवली आणि दावा मागे घेतला.

बाई आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत, अजूनही रोज पत्रं वाचतात.