रॅकेटच्या डोक्यावरची शिशाची पट्टी

आमची पोस्टिंग अकरा हजार फुटांवर होती. मी हवालदार, वय अडतीस. सकाळी सहाला फॉल-इन, सातला चहा, आठला गस्त किंवा बर्फ उपसणं, दुपारी तीन ते साडेचार बॅडमिंटन. हे शेवटचं ऐकलं की सिव्हिलमधली माणसं हसतात. पण बर्फात चार महिने अडकलेल्या कंपनीला खेळ नसेल तर माणसं एकमेकांच्या ताटातली रोटी मोजायला लागतात. म्हणून मेजर साहेबांनी रेशनचं रिकामं शेड झाडून घेतलं, खडूनं रेघा ओढल्या, नेट बांधलं. छत बुटकं. शटल वाशाला लागलं तर पॉइंट परत खेळायचा, असा आमचा घरचा नियम होता.

माझा डबल्सचा पार्टनर नाईक दत्तू. तो तेलगावकडचा, मी नांदूरघाटचा. पलटणीत बीड जिल्ह्याचे आम्ही दोघंच, त्यामुळे तो मला दादा म्हणायचा. मी त्याला काय म्हणायचो ते सगळंच छापण्यासारखं नाही. दत्तूचं घर ऊसतोडीला जाणारं. भरती होईपर्यंत त्यानंही तोड केलेली. अंगानं वाळकुडा, पण नेटजवळ उभा राहिला की शटल त्याच्या मनगटातून कधी निघालं ते समोरच्याला कळायचं नाही.

मी मागं उभा राहून स्मॅश मारायचो. म्हणजे मारतोय अशी माझी समजूत होती. कंपनीत माझ्या स्मॅशला ‘पार्सल’ म्हणत, कारण ते आरामात, पत्त्यावर आणि समोरच्याच्या हातात पोहोचायचं. मी दोष रॅकेटला दिला. रॅकेट हलकी, म्हणून मार हलका. एल.एम.जी. मशीनगन खांद्यावर घेऊन डोंगर चढलेल्या माणसाला दुसरं काही सुचणार नव्हतं.

सुट्टीवर आलो तेव्हा परळीत खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार आप्पा गादीवर बसलेले.

“आप्पा, सगळ्यात जड रॅकेट द्या.”

“सगळ्या सारख्याच हायेत, साहेब.”

त्यांनी तीन रॅकेटी एकेक करून काट्यावर ठेवल्या. तिन्ही पंच्याऐंशी ग्रॅम. मी काटा पुसायला लावला. पुन्हा पंच्याऐंशी. मग मी तिन्ही फिरवून पाहिल्या. पहिली सहज फिरली. दुसरी जरा मागं राहिली. तिसरीनं हात ओढत नेला आणि वर टांगलेल्या फुटबॉलांच्या जाळीत अडकली.

“ही कावून जड लागती?” मी विचारलं. परळीत पाऊल टाकलं की माझी भाषा आपोआप घरी येते.

“वजन तेवढंच हाय, पन डोक्याकडं सरकलेलं,” आप्पा जाळी सोडवत म्हणाले. “काट्यावर दिसतं ते वजन. फिरवताना हाताला जे ओढतं ते स्विंग वेट. ही एकट्यानं खेळनाऱ्या जवान पोराची. मोठा हात फिरवायला वेळ असतो त्याला. तुमी डबल्स खेळता. समोरून शटल अंगावर आलं तर ही वळेपर्यंत पॉइंट गेलेला असंल. पहिली घ्या.”

फौजेतल्या माणसाला दुकानदारानं हत्यार शिकवावं, हे मला लागलं. मी तिसरी घेतली.

परत आल्यावर मी आणखी शहाणपणा केला. जिप्सीचं चाक थरथरू नये म्हणून रिमला शिशाची पट्टी चिकटवतात. गाड्या सांभाळणाऱ्या एम.टी.च्या ड्रायव्हरला दोन डबे चहापत्ती देऊन मी त्यातली एक मिळवली, कात्रीनं अर्धी केली आणि रॅकेटच्या डोक्यावर, अगदी टोकाला चिकटवली. वर काळी टेप गुंडाळली. पहिल्या दिवशी माझे तीन स्मॅश असे बसले की शेडमधल्या माणसांनी गप्पा सोडून माझ्याकडं पाहिलं. पार्सल हे नाव त्या दिवशी बंद झालं. मी हवेत होतो.

दत्तूनं रॅकेट मागितली. मूठ अगदी खालून धरून त्यानं ती पंधरा-वीस वेळा फिरवली, मधेच झटक्यात थांबवली. हात थांबला, रॅकेट वीतभर पुढं गेली.

“दादा, ह्ये काढा.”

“का बे? मार बघितला न्हाईस का?”

“बघितला. तीन मारले. मॅचमध्ये साठ मारावं लागतेत.” त्यानं रॅकेट परत दिली. “आमच्याकडं तोडीला जाताना बाया कोयता घेतेत ना, तवा कुनी वजन करत न्हाई. फिरवून बघतेत. ते बी दोन-चारदा न्हाई, हात भरून येईस्तोवर. सकाळी सगळेच कोयते चांगले लागतेत. दुपारी चारला कळतंय, कोनता आपला अन् कोनता आपल्याला खानारा.”

“मी काय ऊस तोडतोय व्हय?”

“न्हाई. तुमी खांदा तोडताय.”

त्याचं बोलणं मनावर घेतलं नाही, असं नाही. मी माझ्या पद्धतीनं घेतलं. डोकं जड आहे ना, मग मूठही जड करू. मुठीवर दोन जादा ग्रिप गुंडाळल्या आणि रॅकेट बोटावर आडवी तोलून दत्तूला दाखवली. तोल मुठीकडं सरकला होता.

“बघ. झाली का बरोबर?”

त्यानं एकदाच फिरवली. “बोटावर सुधरली. हातात तशीच हाय. मुठीतलं वजन मुठीतच ऱ्हातंय, दादा. फिरतंय ते डोकं.”

हे गणित मी नंतर नीट समजून घेतलं आणि आज लोकांना तोंड वर करून शिकवतो. तेव्हा मी त्याला एवढंच म्हणालो, “नाईक दत्तू, हवालदार कोण आहे?” तो म्हणाला, “तुमीच, साहेब,” आणि हसत गेला.

कंपन्यांची स्पर्धा लागली. सेमीफायनल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली. पहिला गेम आम्ही घेतला, दुसरा हरलो. दुसऱ्या गेमपासूनच माझा हात उशिरा येत होता. समोरच्यांनी ओळखलं आणि शटल सरळ माझ्या छातीवर मारायला लागले. दत्तू पुढचं सोडून मागं धावू लागला. मधल्या विश्रांतीत मी म्हणालो, “माझ्या वाटणीचं तू कावून पळतोस?”

तो धापा टाकत म्हणाला, “टोळीत नवरा-बायको दोघांना मिळून एक कोयता म्हनतेत, दादा. आगाऊ उचल एकच, काम एकच. एकाचा हात गेला की दुसऱ्यानं वढायचं. डबल्स म्हंजे एक कोयता.”

तिसऱ्या गेमला एकोणीस-एकोणीस. शटल उंच आलं. बाहेरून कोणीतरी ओरडलं, “मार!” मी अंगात होतं नव्हतं तेवढं लावलं. खांद्यात ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. तो आवाज दत्तूलाही ऐकू गेला, असं त्यानं नंतर सांगितलं. शटल नेटमध्ये, रॅकेट खाली, हात लोंबकळत. दत्तू पंचांना म्हणाला, “आमी सोडतो.”

एम.आय. रूममध्ये डॉक्टर साहेबांनी खांदा तपासला आणि रॅकेट हातात घेतली. टेप थोडी उचलून पाहिली.

“हे काय लावलंय?”

“सर, जिप्सीचं आहे.”

डॉक्टरांनी टेप परत दाबून बसवली. मग कागदावर लिहिलं: दहा दिवस उजव्या हातानं काहीही उचलायचं नाही, रायफलसुद्धा. ड्यूटी: रेडिओ सेट.

पुढचे दोन दिवस मी कंपनीची करमणूक होतो. येणारा-जाणारा विचारायचा, “उस्ताद, व्हील बॅलन्सिंग झालं का?” मीही हसायचो. हसण्यासारखंच होतं.

तिसरा दिवस मंगळवार. शेजारच्या पोस्टपर्यंतची लिंक पेट्रोल मंगळवारी माझी असायची. मी पुढं, मागं सहा माणसं. साडेसातला कंपनी हवालदार मेजरनी विचारलं, “इसकी जगह कौन जाएगा?” दत्तू रांगेतून पुढं झाला. त्या आठवड्यात त्याची पाळी नव्हती. मी त्याच्याकडं पाहिलं. तो मराठीत म्हणाला, “एक कोयता हाय, दादा.” निघताना त्यानं सेटरूमच्या दारातून आत डोकं घातलं. रॅकेट कोपऱ्यात उभी होती.

“आल्यावर ती पट्टी काढू. तुमाला एका हातानं जमायचं न्हाई.”

“जा बे.”

माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं हेच.

आठ वाजता पेट्रोल निघाली. आकाश स्वच्छ होतं. दर पंचवीस मिनिटांनी रिपोर्ट येत होता आणि मी तो लॉगमध्ये डाव्या हातानं लिहीत होतो. दहा पंचावन्नला: सब ठीक, नाला पार कर रहे हैं. पुढचा रिपोर्ट अकरा वीसला यायचा होता. आला नाही. आमच्या पोस्टचं रेडिओवरचं नाव ‘वन’; त्या नावानं मी दोनदा पुकारलं. सेटवर नुसती खरखर. अकरा सत्तावीसला आवाज आला. तो पेट्रोलबरोबरचा ऑपरेटर होता, पण आवाज त्याचा वाटत नव्हता.

“वन, स्लाइड आया. सात में से छह बाहर. एक नहीं मिला. ओव्हर.”

रेडिओवर नाव घ्यायचं नसतं. हा नियम मी स्वतः पोरांना शिकवलेला. तरी मी विचारलं, “कौन? ओव्हर.”



“आपका पार्टनर, उस्ताद. ओव्हर.”

मी ‘रॉजर’ म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. तोंडाला सवय होती. लॉगमध्ये वेळ लिहिली, बसल्या जागेवरून ओरडून खबर दिली. बाहेर शिट्टी झाली, बचाव टुकडी फावडी घेऊन पळत निघाली. मीही उठलो आणि दारातलं फावडं उचललं. हात छातीच्या वर गेला नाही. फावडं खाली पडलं. मेजर साहेब आत येत होते. त्यांनी ते पाहिलं.

“सेट पे बैठो, हवालदार.”

मी बसलो. आजही मला त्या पाऊण तासातलं काय आठवतं, तर कोपऱ्यातली रॅकेट. मी तिच्याकडं बघत होतो आणि डोक्यात एकच हिशोब चालू होता. अर्धी पट्टी. अडीच ग्रॅम. अडीच ग्रॅमनं माणूस नाल्यापर्यंत कसा जातो, हे मला जुळवता येत नव्हतं.

बारा चौदाला पेट्रोलच्याच माणसांना दत्तू सापडला. तो नाल्याच्या कडेला चार फूट बर्फाखाली होता. श्वास नव्हता.

संध्याकाळी मेजर साहेबांनी लॉग मागवला. पान बघून म्हणाले, “हँडरायटिंग किसका है?” मी म्हणालो, “मेरा, सर. बायाँ हाथ.” ते सही करून गेले. पुढं चौकशी झाली. कारण नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला. कागदात रॅकेटचा उल्लेख कुठंही नाही.

एकाच जिल्ह्याचा म्हणून शवपेटीबरोबर मला पाठवलं. तेलगावकडच्या त्या गावात मानवंदना झाली. घडी केलेला तिरंगा त्याची बायको संगीता हिच्या हातात दिला. मला त्या घरी थांबायचं नव्हतं, पण विधी होईपर्यंत थांबायचा हुकूम होता. काय सांगणार होतो? ट्रकमध्ये मी वाक्य तयार केलं होतं: ताई, त्या दिवशी पाळी माझी होती. एवढं एक वाक्य बोलून सुटायचं, असं ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती अंगणात आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी उठलो. गळ्यात अडकवलेला माझा हात तिनं पाहिला.

“हात कसा हाय, भाऊ?”

मला वाक्य आठवेना.

“रविवारी फोन आलता त्यांचा,” ती म्हणाली. “लई हसत व्हते. म्हनले, दादानं रॅकेटला गाडीचं शिसं लावलं अन् खांदा मोडून घेतला. हात बरा होईस्तोवर त्यांच्या वाटनीचं मीच चालतो म्हनले.” तिनं पुन्हा माझ्या हाताकडं पाहिलं. “लई दुखतंय का?”

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मी तिला सांगायचं काही शिल्लक नव्हतं. मी म्हणालो, “न्हाई, ताई. बरा हाय.” ती आत गेली आणि पाणी घेऊन आली. मी डाव्या हातानं तांब्या घेतला. तो धरताना थोडं पाणी सांडलं. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या.”

नायब सुभेदार होऊन मी रिटायर झालो. आता परळीत राहतो. सकाळी साडेपाचला बॅडमिंटनचा हॉल उघडतो. इथल्या थर्मल पॉवर स्टेशनच्या राखेचा खिडक्यांवर थर बसतो, तो आधी पुसायचा, मग नेट बांधायचं. लोक विचारतात, रॅकेट कोणती घ्यावी? मी विचारतो, पुढं खेळता का मागं? मनगटानं का खांद्यानं? मागून मोठे फटके मारायचे असतील आणि खांदा तरणा असेल, तर स्विंग वेट थोडं जास्त चालतं. नेटजवळ झटपट खेळणाऱ्यानं आणि चाळिशी ओलांडलेल्यानं कमीच घ्यावं. डब्यावर छापलेल्या ग्रॅमवर जाऊ नका. ते काट्याचं वजन, हाताचं नाही. फिरवा, आणि दोनदा नाही, हात भरून येईपर्यंत फिरवा. मग झटक्यात थांबवा आणि बघा, कोण आधी थांबतं, तुम्ही का ती.

आणि ज्यांना पटत नाही, त्यांच्या हातात मी माझी जुनी रॅकेट देतो. दहा-बारा फेऱ्यांत त्यांचं तोंड उतरतं.

गेल्या महिन्यात एक शिक्षिका नवीन आल्या. त्यांनी ती फिरवली, खांदा चोळला, डोक्यावरची काळी टेप बोटानं चाचपली.

“सर, ही पट्टी तर काढता येईल. दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही काढत का नाही?”

मी रॅकेट त्यांच्याकडून घेतली आणि खुंटीला अडकवली.

“काढणारा गस्तीवर गेलाय,” मी म्हणालो.