डाव्या चाकाचा हब

उदाजीराव माझे सख्खे काका, आणि देवासात जीप म्हटली की उदाजीरावच. पार मनावर गावाहून लोक गाड्या घेऊन यायचे. "भिया, गाडीच्या पोटात काय दुखतंय ते बोनट उघडायच्या आधी सांगतो हा माणूस!" म्हणायचे. जीपची अख्खी वंशावळ काकांना तोंडपाठ. पणजी म्हणजे फौजेच्या लिलावातली, डाव्या हाताला स्टिअरिंग, पेट्रोल ढोसणारी. आजी डिझेलवाली, ताडपत्रीच्या छताची. आई लांबोडी, तिच्यात वीस-वीस माणसं कोंबायचे. आणि नात म्हणजे आताची थार: एसी काय, गाणी काय, नखरे काय!

ती थार यंदा मी घेतली, मी शिखानं. आणि खंडेनवमीला तिची पूजा काकांच्याच हातून व्हावी म्हणून त्यांच्या दारात नेली. मला मेलीला जराही लाज वाटली नाही!

कारण बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघं काकांच्या जुन्या जीपनं खातेगावला निघालो होतो. त्या जीपला चारही चाकांचा जोर हवा तर आधी खाली उतरायचं, पुढच्या दोन्ही चाकांवरचे हब हातानं फिरवून लॉक करायचे. नाला आला. काका म्हणाले, "जा बेटा, दोन्ही बाजू." उजवा केला. डावीकडे घोटाभर चिखल, आणि माझ्या पायात नवी कोरी मोजडी. तशीच चढून बसले आणि म्हणाले, "झाले दोन्ही." जीप घसरली ती उलटलीच. काकांचा पाय कायमचा अधू झाला, मला साधं खरचटलंही नाही.

डावा हब आदल्याच दिवशी काकांनी दुरुस्त केला होता. गाडी वर काढली तेव्हा तो उघडा दिसला. "माझ्या हातचं काम सुटलं," ते म्हणाले. "पोरगी गेली असती. हा हात आता कोणाच्या गाडीला लावायचा नाही." गॅरेज बंद झालं. हत्यारं पेटीत गेली, पेटीला कुलूप लागलं. तेव्हापासून खंडेनवमीला त्या घरात हत्यारं मांडलीच नाहीत. आणि मी मूग गिळून गप्प.

यंदा काका थारभोवती लंगडत फिरले आणि पुढच्या चाकाशी वाकून चाचपू लागले.

"आता उतरावं लागत नाही काका, आतूनच होतं."

"चांगलं झालं," ते म्हणाले. "माझ्यासारख्या कच्च्या हातावर कोणाचा जीव नको."

मला राहवेना. सगळं सांगून टाकलं, मोजडीसकट. वाटलं, आता थोबाडीत बसेल. बसावीच.

काका ओट्यावर टेकले. दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत राहिले.

"म्हणजे काम बरोबर होतं?"

"हो काका."

"मग बारा वर्षं मी काय केलं गं?"

मी रडत बसले. ते उठले, खाटेखालून पेटी ओढली. कुलूप पार गंजलेलं, किल्ली फिरेना.

"हातोडी आण," काका म्हणाले.

हातोडी त्या पेटीतच होती.