न वाजणारा व्हॉल्व्ह

आपण खोटं बोलतो ते फक्त पत्त्यांत, असं मादालेन सांगायची, आणि तेही खोटंच होतं. स्पेनच्या बास्क मुलखात, तोलोसा गावाच्या वरच्या डोंगरातल्या सात वस्त्यांत तिची मासळीची गाडी फिरे. कालचे बांगडे ती "आज पहाटेचे" म्हणून इतक्या सोज्वळ चेहऱ्याने विकायची की गिऱ्हाईक स्वतःच्याच नाकावर शंका घ्यायचं. या चेहऱ्याचं खरं चीज व्हायचं शनिवारी गावच्या बारमध्ये, मुस नावाचा पत्त्यांचा खेळ खेळताना. मुसमध्ये निम्मा डाव पानांचा आणि निम्मा थापांचा. हातात काही नसताना "होर्दागो" म्हणायचं, म्हणजे अख्खा डाव पणाला लावायचा, आणि समोरचा घाबरून पानं टाकेपर्यंत पापणी हलू द्यायची नाही. मादालेनची पापणी तीस वर्षांत हलली नव्हती.

त्रेसष्टाव्या वर्षी तिला धाप लागायला लागली. वरच्या आळीत माशांची पेटी घेऊन चढताना ती मध्येच थांबायची आणि कुंपणापलीकडच्या कोबीचं कौतुक करायची. महिनाभर हे खपलं. मग एक दिवस तिची मुलगी ओयाना म्हणाली, "आई, त्या कोबीत एवढं काय बघतेस?"

"रंग बघ ना किती छान आलाय."

"कोबी परवाच कापून नेला त्यांनी. रिकामा वाफा आहे तो."

त्याच आठवड्यात ओयानाने तिला दोनोस्तिया शहरातल्या इस्पितळात नेलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टर लासा नावाच्या सर्जनबाईंनी समोर बसवून सांगितलं, "हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथे एक व्हॉल्व्ह असतो. तुमच्या व्हॉल्व्हला जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्या आहेत. त्या आता कडक झाल्यात. अंगठ्याएवढी वाट होती, ती पेन्सिलीएवढी उरलीये."

"मग गोळी द्या."

"गोळीने वाट उघडत नाही."

"फुगा घालून रुंद करतात म्हणे. बेकरीवाल्याच्या सासूला केलं होतं."

"कशा आहेत त्या?"

"गेल्या."

"तेच सांगतेय. फुग्याने काही महिने बरं वाटतं, मग पुन्हा आवळतं. जांघेतल्या नसेतून नवा व्हॉल्व्ह नेता येतो, छाती न उघडता. पण तो आम्ही शक्यतो म्हाताऱ्या माणसांना बसवतो. तुम्ही त्या मानाने तरुण आहात."

हे वाक्य मादालेनने ओयानाकडे बघत डॉक्टरांकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

तर छाती उघडणं आलंच. प्रश्न एवढाच होता, की आत बसवायचं काय. एक व्हॉल्व्ह कार्बन आणि धातूचा, जन्मभर टिकणारा, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यायची आणि सारखं रक्त तपासायचं. दुसरा गाईच्या हृदयावरच्या पडद्यापासून केलेला. त्याला ती गोळी जन्मभर लागत नाही, पण दहा-पंधरा वर्षांत तो झिजतो आणि मग पुन्हा काहीतरी करावं लागतं.

"तुमच्या वयाला दोन्ही चालतात," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हीच ठरवा."

"धातूचाच," ओयाना म्हणाली. "पुन्हा पुन्हा कापाकापी नको."

"फक्त त्याचा आवाज येतो थोडा. खोली शांत असली की टिकटिक ऐकू येते."

मादालेनने कान टवकारले. "आणि माणूस घाबरला, की टिकटिक जलद होते?"

"हृदय जलद चाललं की होणारच."

"हा व्हॉल्व्ह घातलेलं कुणी भेटेल का हो? दोन शब्द बोलले असते, धीर आला असता."

डॉक्टरांना हे फार समंजस वाटलं. नर्सने बिशेन्तेशी गाठ घालून दिली. हा शेजारच्या खोऱ्यातला पाथरवट, अडुसष्ट वर्षांचा, तपासणीला आलेला. इस्पितळाचं कँटीन दुपारी रिकामं होतं. तो समोर बसला आणि मादालेनला ऐकू आलं, टिक, टिक, टिक. तिने पर्समधून पत्ते काढले.

"धीर पाहिजे होता ना तुम्हाला?" बिशेन्ते म्हणाला.

"मला खेळताना येतो."

दोघंच खेळले. तो थाप मारायचा तेव्हा टिकटिक धावत सुटायची आणि मादालेन त्याला तिथेच पकडायची. तासाभरात तिने चार कॉफ्या आणि एक बदामी केक जिंकला, आणि वर जाऊन डॉक्टरांना सांगितलं, "गाईचा."

"का पण?" ओयाना चिडली.

"मी दिवसभर मासे कापते. रोज एक तरी बोट कापतं. रक्त पातळ करून बसू?"

डॉक्टर लासांनी पेन खाली ठेवलं. "हे कारण अगदी योग्य आहे," त्या म्हणाल्या. कारण खरंही होतं. खरं इतकं उपयोगी पडतं हे मादालेनला नवीन होतं.

ऑक्टोबरात ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी तिचा चेहरा नेहमीसारखा कोरा होता, पण नर्स म्हणाली, "रक्तदाब फार चढलाय तुमचा."

"यंत्र बिघडलंय तुमचं," मादालेन म्हणाली, आणि ओयानाचा हात धरला तो ढकलगाडी आत जाईपर्यंत सोडला नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. पण छातीचं हाड जुळेपर्यंत दोन महिने गाडी चालवायची नाही, पेटी उचलायची नाही. गाडी ओयानाने घेतली. ती कालचे बांगडे कालचे म्हणून निम्म्या भावात विकायला लागली आणि गिऱ्हाइकं खूश झाली. मादालेनला छातीतल्या दुखण्यापेक्षा हे जास्त लागलं.

पाचव्या आठवड्यात बिशेन्ते साइडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, बाटली आणि पिशवीभर अक्रोड घेऊन आला. पत्ते निघाले. दुसऱ्याच डावाला तो "होर्दागो" म्हणाला आणि टिकटिक सुसाट सुटली. मादालेनने गालात हसून होकार दिला. त्याने पानं उलटली. तीन राजे आणि एक्का. पुढच्या डावाला त्याची टिकटिक चर्चमध्ये बसल्यासारखी संथ होती म्हणून तिने पानं टाकली, तर त्याच्या हातात काहीच नव्हतं.

"हे कसं काय?"

"नऊ वर्षं हे छातीत घेऊन खेळतोय बाई. चांगली पानं आली की मेव्हण्याला आठवतो, लगेच धावायला लागतं. थाप मारायची असली की फादरचं प्रवचन आठवतो."

"आणि कँटीनमध्ये?"

"भेदरलेल्या माणसाकडून मी कॉफी जिंकत नाही."

"मी नव्हते भेदरले."

"पानं थरथरत होती तुमची."

मादालेनने पत्ते गोळा करून पिसायला घेतले. तीस वर्षांत तिच्या मनातलं कुणी ओळखलं नव्हतं, आणि ओळखणाऱ्याने गुपचूप चार कॉफ्यांचे पैसे भरले होते.

"म्हणजे मी धातूचा घेतला असता तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"चाललं असतं. पण बोटं कापतात म्हणे रोज, लेक सांगत होती तुमची."

तिला हसू आलं. हसताना छाती दुखली म्हणून तिने उशी छातीशी धरली आणि हसत राहिली.

वसंतात ती पुन्हा गाडीवर गेली. निम्म्या भावाची पाटी ओयानाने काढू दिली नाही. मे महिन्यात खोऱ्यातल्या मुसच्या स्पर्धेत मादालेन आणि बिशेन्ते जोडीने उतरले आणि दुसऱ्याच फेरीत दोन शाळामास्तरांकडून हरले. घरी येईपर्यंत रस्ताभर दोघं एकमेकांच्या चुका काढत होते. पुढच्या वर्षासाठी नावं मात्र त्यांनी निघतानाच देऊन ठेवली होती.