गळ्यातली चाबी

भाची परवा सांगत होती, "आत्या, कम्प्युटरला फायरवॉल टाकली. आता हॅकरचा बाप आला तरी आत शिरत नाही." मी नुसतं "हो का" म्हटलं. आमच्या वेळी फायरवॉल म्हणजे एक इवलीशी गोल चाबी होती, आणि तिने माझी जी फजिती केली ती माझी मलाच ठाऊक.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धंतोलीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दादाचा छातीच्या रोगांचा दवाखाना होता. दादाने हौसेने कम्प्युटर घेतला आणि पेशंटची माहिती त्यात भरायचं काम मला दिलं. डब्याला पुढून कुलूप होतं. चाबी फिरवली की कीबोर्ड मुका, काही दाबा, अक्षर उमटत नसे. मी ती चाबी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, अंघोळीलाही काढत नसे. वहिनी चिडवायची, "कोणाच्या नावाचं मंगळसूत्र आहे वं हे?"

मला काळजी होती ती एका मुलीची. कळमेश्वरची, बालवाडीत शिकवणारी. टीबीची सगळी औषधं घेऊन ठणठणीत बरी झाली होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. सासरी कोणालाच पत्ता नव्हता. तेव्हा टीबी म्हटलं की लोक पाण्याचा पेलासुद्धा वेगळा ठेवत. शेवटच्या तपासणीला आली तेव्हा कम्प्युटरकडे पाहून म्हणाली, "ताई, माझं नाव याच्यात राहीन ना? कोणाले दिसन तर नाही? लग्न मोडन माझं."

"ही माझ्या गळ्यात आहे ना," मी चाबी दाखवली, "मग ब्रह्मदेवालाही दिसणार नाही."

एक दिवस वरच्या मजल्यावरचे कर सल्लागार खाली आले. त्यांनीही आमच्याच दुकानदाराकडून कम्प्युटर घेतला होता.

"ताई, आमची चाबी कुठंतरी पडून गेली. तुमची लावून पाहू का?"

"काय थट्टा करून राहिले हो? माझी चाबी तुमच्या कुलपाला कशी लागेल?"

तरी मी गेले वर. चाबी घातली, फिरवली. खट्! उघडलं की! ते खुशीत हसले, आणि मी झटकन चाबी काढून घेतली. अरे देवा! माझी यांना लागते म्हणजे यांची मला लागते. आणि यांची तर रस्त्यात कुठं पडली कोण जाणे!

दुकानदाराला फोन केला. मेला थंडपणे म्हणतो, "सगळ्यांची एकच येते ताई. वेगळी कशाले पाहिजे?" अर्ध्या धंतोलीला याने कम्प्युटर विकले होते! दादाला म्हटलं, त्या मुलीचं नाव पुसून टाक. दादा म्हणाला, पेशंटची माहिती पुसत नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कळमेश्वरची एसटी पकडली. बालवाडी नुकतीच सुटली होती, ती चटया गुंडाळत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. "माझ्या कुलपाचा काही भरवसा नाही गं पोरी, कोणीही उघडेल. सावध राहा." मला रडूच कोसळायचं बाकी होतं.

तर ही हसली! "ताई, मी तं होणाऱ्या नवऱ्याले सांगून टाकलं."

"काय?" मी ओरडलेच. "काहून सांगितलंस?"

"चाबी तुमच्या गळ्यात होती, पण झोप माझी उडाली होती ना. रोज वाटे, आज कळन, उद्या कळन."

"मग? मोडलं?"

"नाही. तो म्हणे, तू बरी झाली हे मले डॉक्टरकडे पाहू दे. सोमवारी आणून राहिली मी त्याले." मग जरा बिचकत म्हणाली, "तुम्ही उघडून दाखवाल ना?"

मी दोरा गळ्यातून काढला आणि चाबी तिच्या हातावर ठेवली.

"तूच उघड," मी म्हटलं.