चिंचेवरची पिल्लं

वहिनी गिरडजवळच्या खेड्यातून लग्न होऊन वर्ध्याला आली तेव्हा मी कॉलेजात होते. आमचं घर बाजारामागच्या गल्लीत. गच्चीवरून दिसायचे पत्रे, टाक्या, अँटेना आणि शेजारच्या कापड दुकानदाराच्या अंगणातली जुनी चिंच. पावसाळ्यात तिच्यावर बगळे घरटी करत. वहिनी सकाळचा चहा तिच्याकडं बघतच प्यायची. शहरात जीव कोंडतो, चिंच बघून जरा मोकळा होतो, असं सांगायची.

गल्लीला मात्र बगळे नकोसे होते. खाली घाण पडे, वास सुटे. त्यात त्या वर्षी मृग कोरडा गेला. आषाढातही ऊन मे महिन्यासारखं भाजत होतं. माणसं इतकी तापली होती की नळावर बादल्यांनी एकमेकांची डोकी फोडली. अशाच एका दुपारी दुकानदारानं चिंच तोडायला माणसं बोलावली.

पहिली मोठी फांदी कोसळली आणि तिच्यासोबत घरटी. पिल्लं सिमेंटच्या रस्त्यावर आपटली. काहींना अजून पिसंही नव्हती. कुत्री तुटून पडली. वर बगळे किंचाळत घिरट्या घालत होते आणि कुऱ्हाड थांबत नव्हती.

वहिनी अनवाणीच धावली आणि झाडाखाली जाऊन उभी राहिली.

"पिल्लं उडू तं द्या," ती दुकानदाराला म्हणाली. "मंग तोडजा."

झाड माझं आहे, असं म्हणून त्यानं तिला ढकललं. ओट्याच्या कडेवर आपटून तिची भुवई फाटली. दादा तेवढ्यात जेवायला घरी आला होता. त्यानं पडलेली फांदी उचलली आणि दुकानदाराला त्याचा हात मोडेपर्यंत मारलं. मग दुकानदाराच्या पुतण्यांनी दादाला लाथांनी तुडवलं. आई मधे पडली तेव्हा कुठे ते थांबले. सगळ्यांच्या चपलांखाली पिल्लं चिरडली गेली होती.

पोलिसांनी येऊन दोन्हीकडच्यांची समजूत घातली. चिंच संध्याकाळपर्यंत आडवी झालीच.

वाचलेली काही पिल्लं वहिनीनं घमेल्यात घालून आणली. आमच्या शाकाहारी घरात त्यांच्यासाठी मासळी आली. एकच जगलं. वहिनीची झोप मात्र उडाली. भिंती अंगावर येतात म्हणायची, साध्या बोलण्यावर ताट भिरकावायची. दादाही दारं आपटायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती नुसती सुस्त पडून राहायची.

शेवटी मासळीच्या वासानं वैतागलेली आईच दादाला म्हणाली, "तिले पवनारले घेऊन जाजो. नदीवर बसू दे. पिल्लू बी नेजो."

तोवर पिल्लाला पंख फुटले होते. रविवारी आम्ही तिघं बसनं गेलो. धाम नदीच्या उथळ पाण्यात बगळे उभे होते. वहिनीनं काठावर सोडलेलं पिल्लू त्यांच्यात शिरलं, तर एका मोठ्या बगळ्यानं चोचीनं झोडपून त्याला हाकललं. वहिनी उठली. दादानं तिचा हात धरला. पिल्लू दगडाआड सरकलं, बराच वेळ दबून राहिलं, मग पाण्यात चोच मारून त्यानं काहीतरी गिळलं.

मारामारीनंतर वहिनी पहिल्यांदा तिथं रडली. परतीच्या बसमध्ये दादाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

गोळ्या हळूहळू सुटल्या. दुकानदार पुढे आमच्याशी कधी बोलला नाही. रविवारी वहिनी पवनारची बस धरायची. पुढं पुढं आईही पिशवीत भाकरी घेऊन तिच्यासोबत निघू लागली.