अर्ध्या सूर्याचा पोळा

"अर्धाच काहून काढला बे? सूर्य अर्धा असते काय?"

बाबा असे ओरडले की तिकडे रिसोडच्या बाजारात तराजूची पारडी हलली असतील. पोळ्याची दुपार. तोरणाकडे डफडी वाजू लागली होती आणि मी, चांगला मिशी फुटलेला माणूस, गेरूची वाटी हातात धरून बैलाच्या पुठ्ठ्याकडे बघत होतो. खरंच अर्धा!

आमच्या घराची खूणच तशी. डाव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर अर्धा सूर्य, उजव्याच्या पुठ्ठ्यावर अर्धा. जोडी उभी राहिली की मागून एक अख्खा. आमच्या पणज्याने गाव होरपळतंय म्हणून सूर्याला कासरा घालून रात्रभर गोठ्यात बांधला होता, ही गोष्ट मीच मालेगावापर्यंत पोचवली. पुढे तिथलेच लोक ती मला सांगू लागले, वर सूर्याने कडबा खाल्ला हेही जोडून.

त्या उन्हाळ्यात बाबा आणि काका वेगळे निघाले. वावर वाटलं, भांडी वाटली, बैलही एकेक घेतला आणि जोडीला एकेक नवा आणला. सूर्य तेवढा वाटायचा राहिला. बाबांचा हुकूम होता: आपल्या बैलावर अख्खा काढ, मूळ घर कोणतं ते गावाला दिसू दे. काकाही अख्खाच काढणार, असं कानावर होतं. आणि माझा हात सवयीने अर्ध्यावर थांबलेला.

अर्धा पार कडेला आलेला, पुसून अख्खा काढायला वेळ नव्हता. तोरणाखाली गेलो तर काकाचा बैल आधीच उभा, आणि त्याच्या पुठ्ठ्यावर दुसरा अर्धा! आमच्या बैलाने नव्या जोडीदाराला ढुसणी दिली आणि जुन्याला जाऊन चिकटला.

"जुळला, जुळला!" मागून गलका झाला. एक म्हातारा म्हणाला, "आता चुली बी जुळवा, लेकहो!"

हसावं की पळावं, मला कळेना. बाबांनाही कळेना. त्यांनी पटका काढला, बांधला, पुन्हा काढला. काका हातभरावर उभा, पण दोघांचं बोलणं बंद. म्हणून बाबा मला म्हणाले, आणि इतका मऊ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, "त्याले इचार, त्यानं अर्धा काहून काढला?"

मी विचारलं.

काका बैलाची शिंगं पुसत माझ्याकडेच बघून म्हणाला, "गेरू सरला होता."